‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ पुन्हा ऐकताना

ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांचा ‘अँबियंट १ : म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ हा अल्बम माझ्याकडे पहिल्यांदा आला तो एका मैत्रिणीने दिलेल्या सीडीच्या रूपाने, आणि त्यानंतरची कितीतरी वर्षे मी तो ऐकला असे म्हणण्यापेक्षा मी तो वापरला असे म्हणणे अधिक खरे ठरेल. त्या काळात मी रात्री उशिरापर्यंत मुद्रितशोधनाचे काम करीत असे. एकही शब्द नसलेले, अंगावर न येणारे काहीतरी मागे मंद चालू असले की प्रुफांची चळत भराभर खाली येई, आणि काम आटोपले की त्याच आवाजात डोळे मिटत. अल्बम संपला की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. शेकडो वेळा चालवूनही त्यातल्या चार रचनांपैकी दुसरी कोठे संपते आणि तिसरी कोठे सुरू होते हे मला कोणी विचारले असते, तर सांगता आले नसते.

पुढे कामाचे स्वरूप बदलले, सीडी वाजवण्याचे यंत्र बिघडले आणि अल्बम मागे पडला. यंदा तो पुन्हा हाती घेतला तेव्हा मी स्वतःला एकच अट घातली : ऐकताना दुसरे काहीही करायचे नाही. चार संध्याकाळी चार रचना, एका वेळी एकच, आणि हातात फार तर कागद-पेन्सिल. हे परीक्षण त्या चार संध्याकाळींचे आणि त्याआधी घडलेल्या एका प्रवासाचे आहे. ज्या अल्बमवर आपले इतके प्रेम होते तो आपल्याला नीट ठाऊकच नव्हता, हे कबूल करताना थोडे ओशाळल्यासारखे होते. पण त्याहून मोठा आनंद असा की तो वर्षानुवर्षे आपल्यासाठी तसाच शिल्लक राहिला होता.

आधी मूळ गोष्टी. अल्बममध्ये चार रचना आहेत आणि त्यांना नावे नाहीत. ‘१/१’, ‘२/१’, ‘१/२’ आणि ‘२/२’ एवढेच त्यांचे ओळखपत्र : आधीचा आकडा रचनेचा क्रम सांगतो आणि नंतरचा आकडा तबकडीची बाजू. सगळे मिळून पाऊण तासाहून थोडे अधिक. मुखपृष्ठावर नकाशाच्या एखाद्या तुकड्यासारखे दिसणारे चित्र आहे, आणि आवरणावरच्या ईनो यांच्या छोट्या टिपणाखाली सप्टेंबर १९७८ अशी तारीख आहे. ‘अँबियंट’, म्हणजे भोवतालचे, हा शब्द एका संगीतप्रकाराचे नाव म्हणून आज जो सर्वत्र वापरला जातो, तो या टिपणामुळे आणि या अल्बममुळे रूढ झाला. याच मालिकेत पुढे हॅरल्ड बड यांच्यासह केलेला दुसरा, लाराजी यांचा तिसरा आणि १९८२ सालचा ‘ऑन लँड’ हा चौथा अल्बम आला. पण मालिकेचा पाया पहिल्यानेच घातला.

या पायाची पूर्वतयारी एका अपघातात झाली होती. १९७५ च्या जानेवारीत ईनो यांना एका टॅक्सीची धडक बसली आणि ते बरेच दिवस अंथरुणाला खिळून होते. भेटायला आलेल्या एका मैत्रिणीने अठराव्या शतकातील हार्पच्या संगीताची तबकडी आणली. ती गेल्यावर त्यांनी मोठ्या कष्टाने ती तबकडी लावली आणि पुन्हा आडवे झाल्यावर त्यांच्या लक्षात आले की आवाज फारच कमी आहे आणि दोनपैकी एक स्पीकर बंदच आहे. उठून दुरुस्त करण्याची ताकद नव्हती. बाहेर पाऊस पडत होता, आणि हार्पचे मोजके ठळक सूर तेवढे पावसातून वर येत होते. संगीत भोवतालच्या प्रकाशासारखे किंवा पावसासारखे, त्या जागेचाच एक भाग होऊन ऐकू येऊ शकते ही जाणीव तेथे झाली, असे ईनो यांनी स्वतः लिहिले आहे. एरिक साती या फ्रेंच संगीतकाराने १९१७ च्या सुमारास घरातल्या सामानासारखे असणारे संगीत रचण्याचा विचार मांडला होता, त्याचेही ऋण ईनो मान्य करतात.

विमानतळ त्यानंतर आला. जर्मनीतील कोलोन-बॉन विमानतळावर ते एका रविवारी सकाळी विमानाची वाट पाहत बसले होते. इमारत देखणी, ऊन छान पडलेले, माणसे तुरळक, आणि या सगळ्यावर कोणीतरी लावून ठेवलेले विचारशून्य संगीत. एवढ्या विचाराने बांधलेल्या वास्तूत ऐकू येणाऱ्या संगीताचा मात्र कोणीच विचार केलेला नाही, हे त्यांना खटकले. विमानतळासाठी संगीत करायचे तर ते कसे असावे याच्या त्यांनी स्वतःसाठी काही अटी ठरवल्या : मध्येच घोषणा आली तरी त्याचे नुकसान होऊ नये; माणसे बोलतात त्या पट्टीपासून आणि त्या गतीपासून ते वेगळे असावे, म्हणजे बोलण्याच्या आड येणार नाही; विमानतळाचे स्वतःचे आवाज त्याला सामावून घेता यावेत; आणि आपण तेथे कशासाठी आलो आहोत, म्हणजे जमिनीपासून सुटून हवेत जाण्यासाठी, याच्याशी त्याचा काही संबंध असावा. या शेवटच्या अटीबद्दल ते एका मुलाखतीत फार स्पष्ट बोलले होते. विमानात बसणाऱ्याच्या मनात मरणाची एक बारीक भीती असतेच, आणि विमानतळावरचे नेहमीचे गोडगोड संगीत ती नसल्याचे ढोंग करते. आपल्याला असे संगीत हवे होते जे ढोंग न करता त्या भीतीला सामोरे जायला मदत करील, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

मी हा अल्बम झोपेसाठी वापरत होते तेव्हा मला यातले काहीच ठाऊक नव्हते. टिपणातले एकच वाक्य मी पाठ केले होते, आणि तेही अर्धे. अँबियंट संगीत दुर्लक्ष करता येण्याजोगे असले पाहिजे, हा त्यातला अर्धा भाग सगळ्यांना आवडतो. त्याच वाक्यात ते तितकेच लक्षवेधी असले पाहिजे असेही म्हटले आहे, आणि त्याच्या थोडेसेच वर त्याहून महत्त्वाची गोष्ट आहे. कचेऱ्यांतून आणि दुकानांतून वाजणारे पार्श्वसंगीत तयार करताना मूळ संगीतातली शंका आणि अनिश्चितता खरवडून काढली जाते, आणि तिच्याबरोबर त्यातला खरा रसही जातो; आपले संगीत हे गुण राखून ठेवील, असे ईनो तेथे सांगतात. म्युझॅक या कंपनीने कामगारांचा उत्साह टिकावा म्हणून हिशोबाने बांधलेले संगीत कचेऱ्यांना आणि कारखान्यांना दशकानुदशके पुरवले होते, हे लक्षात घेतले की या विधानाची धार कळते. चार संध्याकाळी मी जे ऐकले ते या एका विधानाची प्रचीती होती. या अल्बममधली शांतता गुंगी आणणारी नाही. तिच्यात शंकेला बसायला जागा आहे.

‘१/१’ ही सर्वांच्या परिचयाची रचना. सतरा मिनिटांहून थोडी मोठी. एक संथ पियानो, त्याच्या भोवती मंद घंटेसारखे सूर, आणि पुन्हा पुन्हा परतणारी तीच ओळ. ही ओळ कोणी लिहिलेली नाही. स्टुडिओत चार वादक ईनो यांनी सुचवलेले उत्स्फूर्त वादनाचे प्रयोग करीत होते आणि त्यांना एकमेकांचे नीट ऐकूही येत नव्हते. नंतर फीत तपासताना ईनो यांना एक छोटा तुकडा सापडला, ज्यात दोन पियानो एकमेकांच्या नकळत एकमेकांत छान गुंतणाऱ्या ओळी वाजवून गेले होते. तेवढा तुकडा कापून त्यांनी त्याचा लूप, म्हणजे टोके जोडून पुन्हा पुन्हा फिरत राहणारी फीत, केला आणि तो निम्म्या वेगाने चालवला. फीत निम्म्या वेगाने चालली की सूर एका सप्तकाने खाली उतरतो, हे झाले गणित. कानाला जाणवते ती गोष्ट वेगळीच. पियानोच्या तारेवर हातोडी पडते तो क्षण दुप्पट लांबतो, त्यामुळे आघाताची धार बोथट होते आणि सूर वाजवला जाण्याऐवजी उमलल्यासारखा वाटतो. पियानो रॉबर्ट वायट यांचा आहे, आणि रचनेच्या श्रेयात ईनो यांच्याबरोबर वायट आणि ध्वनिमुद्रक रेट डेव्हिस यांची नावे आहेत.

या रचनेबद्दल मला एक गोष्ट खेदाने नोंदवावी लागते. ती आता फार वापरली गेली आहे. तिच्या नकला इतक्या झाल्या, आणि मन शांत करण्याचे आश्वासन देणाऱ्या प्रत्येक ठिकाणी तिच्यासारखे काहीतरी इतके वाजत असते, की पहिली दोन-तीन मिनिटे मला मूळ रचना ऐकू येण्याऐवजी तिची कीर्तीच ऐकू येत होती. चांगल्या हेडफोनवर, आवाज जरा वाढवून, पाचव्या-सहाव्या मिनिटाच्या पुढे गेल्यावर ते कवच गळून पडले. सूर विरत गेल्यावर मागे उरणारी फितीची बारीक सरसर ऐकू येऊ लागली आणि तीच ओळ दर वेळी वेगळ्या सोबतीने येते हे कळू लागले. ओळ परत आली म्हणून मी जरा सैलावत होते, तोच तिच्या शेजारी एखादा सूर अपेक्षेपेक्षा उशिरा उमटे किंवा येतच नसे. इतकी वर्षे मी ज्याला न बदलणारे समजत होते ते सतत थोडेथोडे सरकत होते.

‘२/१’ ने माझ्या चारपैकी दोन संध्याकाळी घेतल्या, कारण पहिल्या संध्याकाळी माझा कागद फसला. या रचनेत वाद्य नाही. आहेत ते फक्त माणसांचे आवाज : तीन गायिका आणि स्वतः ईनो. शब्द नाहीत, तान नाही, एक लांबवलेला ‘आ’कार, जो शून्यातून वर येतो, थोडा वेळ थांबतो आणि पुन्हा शून्यात जातो. असे सात सूर, प्रत्येक आपापल्या फितीच्या लूपवर, आणि प्रत्येक लूपची लांबी वेगळी. मी कागदावर सात आडव्या रेघा आखल्या, शेजारी घड्याळ ठेवले, आणि जो सूर येईल त्याच्या रेघेवर खूण करायची असे ठरवले. दहा मिनिटांच्या आत सगळा गोंधळ झाला. काही सूर एकमेकांच्या वरच्या किंवा खालच्या सप्तकातले असल्यामुळे दोन सूर एकत्र उगवले की कोणता कोणाचा हे मला ओळखता येईना, आणि रेघांवर नुसत्या ठिपक्यांची पखरण झाली.

दुसऱ्या दिवशी मी एकच रेघ आखली आणि सर्वांत उंच सुराचाच तेवढा पाठलाग केला. बाकीचे येतील ते येऊ द्यायचे, त्यांच्याकडे बघायचे नाही. रचना संपल्यावर कागदाकडे पाहिले तेव्हा मला क्षणभर विश्वास बसला नाही. खुणांमधली अंतरे सारखी होती. जो सूर मनात येईल तेव्हा येतो असे मला आजवर वाटत होते, ज्याच्या येण्यात मला एक लहर, एक माणूसपण जाणवत होते, तो घड्याळाच्या ठोक्यासारखा नेमका येत होता. सातांपैकी प्रत्येक जण अगदी नियमित होता, आणि सातही मिळून मात्र अंदाज बांधता येऊ नये इतके मोकळे. पेन्सिलीच्या त्या एका ओळीने मला या अल्बमबद्दल जे शिकवले ते इतक्या वर्षांच्या रात्रींनी शिकवले नव्हते.

यामागचे यंत्र साधे आहे. ईनो यांनी १९९६ साली एका व्याख्यानात या रचनेतल्या लूपांच्या लांबीचे ढोबळ आकडे सांगितले होते : एक साडेतेवीस सेकंदांचा, दुसरा पंचवीस सेकंद आणि सात अष्टमांश, तिसरा तीस सेकंदांना जेमतेम कमी. फिती इतक्या लांब होत्या की त्या यंत्रात मावत नसत. ध्वनिमुद्रक कोनी प्लांक यांच्या स्टुडिओतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांच्या खुर्च्यांभोवती त्या फिरवत आणाव्या लागल्या. आकडे मुद्दाम असे निवडलेले की ते एकमेकांशी लवकर जुळू नयेत. उदाहरणादाखल सोपे आकडे घेऊ. एक लूप २० सेकंदांचा आणि दुसरा २१ सेकंदांचा असेल, तर दोघे एकदा एकत्र निघाल्यावर पुन्हा एकत्र यायला ४२० सेकंद, म्हणजे सात मिनिटे लागतील. त्यात २३ सेकंदांचा तिसरा घातला की तिघांची गाठ पडायला दोन तास एकेचाळीस मिनिटे. १९ सेकंदांचा चौथा घातला की जवळजवळ एक्कावन्न तास. येथे सात आहेत, आणि लांबीत अपूर्णांक आहेत. तबकडीवर आपल्याला ऐकायला मिळतात ती सुमारे नऊ मिनिटे म्हणजे एका अतिशय लांब प्रवाहाची एक ओंजळ. दोन सारख्या लूपांना हळूहळू एकमेकांपासून सरकू देण्याची कल्पना अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइख यांनी १९६५ साली एका रचनेत वापरली होती आणि ईनो तिचे ऋण नेहमी मोकळेपणाने मान्य करतात. परंतु राइख यांच्याकडे जी धग आणि दाटी आहे तिच्या जागी येथे विरळपणा आहे.

या विरळपणाचा कानावर होणारा परिणाम मला आवर्तनाच्या भाषेतच सांगता येतो. तालाची सवय झालेला कान नकळत समेची वाट पाहत असतो. येथे फिरणारे चक्र आहे हे त्याला जाणवते, म्हणून तो वाट पाहू लागतो, आणि सम कधीच येत नाही. दोन सूर जवळजवळ एकत्र येतात, तिसरा अगदी तोंडाशी येऊन थांबल्यासारखा वाटतो, आणि मग चार-पाच सेकंद काहीच नाही. त्या रिकाम्या जागेत मला माझा श्वास ऐकू आला. मग एकदम तीन सूर एकमेकांच्या अंगावर येतात आणि एक असा स्वरमेळ तयार होतो जो कोणी रचलेला नाही. सुरांची निवड ईनो यांची. ते कोणत्याही क्रमाने आले तरी कानाला बोचू नयेत याची काळजी त्यांनी आधीच घेतलेली आहे. पण ते कधी भेटतील हे त्यांनी फितींवर सोपवले. संगीतकाराने स्वतःला इतके मागे घेण्यात एक मोठा विश्वास आहे, आणि तो विश्वास ऐकू येतो, असे मी पूर्ण जबाबदारीने लिहिते आहे.

‘१/२’ मध्ये हे आवाज आणि पियानो एकत्र येतात. बारा मिनिटांच्या या रचनेबद्दल माझे मत अजून पक्के झालेले नाही. आवाजांच्या लूपांवर पियानोचे मोकळे सूर येतात तेव्हा पहिल्या बाजूच्या दोन पद्धती एकमेकींना भेटतात आणि जागा एकदम मोठी झाल्यासारखी वाटते. काही ठिकाणी मात्र पियानो जरा जास्त बोलतो, आणि ‘२/१’ मधले जे मौन मी नुकतेच कमावले होते ते मला परत हवेसे होते. तरी सलग ऐकताना हीच रचना मला सर्वांत माणसाळलेली वाटली.

आणि हीच रचना कानात होती तेव्हा मी खरोखरच एका विमानतळावर होते. आधी उल्लेख केलेला प्रवास तो हा. धुक्यामुळे विमान पाच तास उशिरा सुटणार होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मोठ्या बहिणीची शस्त्रक्रिया होती. हातातले पुस्तक वाचवेना, म्हणून फोनवर हा अल्बम लावला, कितीतरी वर्षांनी पहिल्यांदाच. घोषणा ऐकू यावी म्हणून एकाच कानात इयरफोन घातला होता. त्या पाच तासांत मी अल्बम चार वेळा तरी ऐकला असेन, आणि ईनो यांनी घातलेल्या अटी खऱ्या जागेत तपासण्याची ती संधी होती हे मला नंतर कळले. घोषणा संगीतातून आरपार जात होत्या आणि कशालाही धक्का लागत नव्हता. समोरून एक मुलगा चाकांची बॅग ओढत गेला; फरशीच्या प्रत्येक सांध्यावर चाकांचा ठक्क असा आवाज होत होता, आणि दोन सांध्यांच्या मध्ये पियानोचा एक सूर असा काही येऊन बसला की मी त्या मुलाकडे वळून पाहिले. संगीत आणि जागा यांच्यातली शिवण दिसेनाशी झाली होती.

पण त्याहून खोल गेलेली गोष्ट ही नव्हे. त्या रात्री मला धीर देणारे काहीही नको होते. फोनवर प्रत्येक जण सारे ठीक होईल असे सांगत होता, आणि ते ऐकून माझी भीती कमी होण्याऐवजी एकटी पडत होती. या संगीताने मला काहीच सांगितले नाही. सूर येत होते, जात होते, पुढचा कधी येईल याची खात्री नव्हती, आणि तरी ते न येण्याची धास्तीही नव्हती. बहीण आता बरी आहे. त्या पाच तासांत मात्र ते मला ठाऊक नव्हते, आणि संगीतानेही ते ठाऊक असल्याचा आव आणला नाही. मरणाच्या भीतीविषयीचे ईनो यांचे म्हणणे मी त्यानंतर काही आठवड्यांनी वाचले आणि ते वाचताना मला आश्चर्य वाटले नाही. अल्बम पुन्हा, नीट, एकेक रचना घेऊन ऐकावा हे त्या रात्रीनंतर ठरले.

राहिली ‘२/२’. पियानो नाही, आवाज नाहीत. एआरपी २६०० या सिंथेसायझरचे पितळी वाद्यांसारखे भरदार, लांब सूर, आणि ध्वनिमुद्रण प्लांक यांचे. अल्बममधली पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक म्हणता येईल अशी ही एकच रचना, आणि माझ्या मते चारांत सर्वांत कमी टिकलेली. तिचे सौंदर्य जडशीळ आहे. पहिल्या तीन रचनांत जी हवा खेळते ती येथे कमी पडते. मूळ तबकडीवर ती सुमारे सहा मिनिटांची होती, सीडीवर ती साडेनऊ मिनिटांपुढे जाते, आणि ही वाढ मला अनावश्यक वाटली.

इतरांनी या अल्बमचे काय केले हेही थोडे सांगण्यासारखे आहे. न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावरील मरीन एअर टर्मिनलमध्ये तो प्रत्यक्ष वाजवला गेला होता. १९९८ साली ‘बँग ऑन अ कॅन’ या न्यूयॉर्कच्या वादकसमूहाने चारही रचना माणसांनी वाजवण्यासाठी बसवल्या. मायकेल गॉर्डन, डेव्हिड लँग, ज्युलिया वुल्फ आणि इव्हान झिपोरिन या चौघांनी एकेक रचना वाटून घेतली. यंत्रांनी आणि योगायोगाने घडलेले संगीत नोटेशनमध्ये उतरवून, श्वास सांभाळत, एकमेकांकडे पाहत वाजवायचे, ही कल्पनाच मला हेलावून टाकते. तरीही मी मूळ अल्बमकडेच परतते, कारण माणसे कितीही संयमाने वाजवीत असली तरी ती एकमेकांचे ऐकत असतात, आणि मूळ ‘२/१’ ची जादू सूर एकमेकांचे ऐकत नाहीत यात आहे. ईनो यांनी स्वतः पुढे संगणकाच्या मदतीने कधीच न संपणाऱ्या, दर वेळी नव्याने घडणाऱ्या रचना केल्या, त्यांची मुळेही खुर्च्यांभोवती फिरणाऱ्या त्या फितींतच आहेत.

ऐकण्याच्या माध्यमाबद्दल माझा आग्रह आहे. फोनच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नये. निम्म्या वेगामुळे पियानोला जो खालचा घुमारा आला आहे तोच तेथे गळून जातो आणि उरते ते नुसते किणकिणणे. साधे पण चांगले हेडफोन किंवा खोलीच्या दोन टोकांना ठेवलेले स्पीकर पुरेत. आवाज आपण बोलतो त्याहून किंचित कमी ठेवावा, म्हणजे खोलीतला पंखा आणि बाहेरचा रस्ता त्यात येऊ शकतील. स्ट्रीमिंगवर ऐकताना एक रचना संपल्यावर दुसरे काहीतरी आपोआप सुरू होण्याची सोय आधी बंद करावी. झोपेसाठी जमवलेल्या याद्यांत ‘१/१’ नंतर लगेच कोणाची तरी गुळगुळीत नक्कल सुरू होते, आणि खरवडून काढलेली शंका म्हणजे काय हे तेवढ्या एका सांध्यावर कळते. तबकडी मिळाली तर उत्तमच, कारण ‘२/१’ नंतर उठून बाजू बदलावी लागते आणि त्या अर्ध्या मिनिटाच्या शांततेची त्या ठिकाणी गरज असते.

जो पहिल्यांदाच ऐकणार असेल त्याने सुरुवात ‘१/१’ पासून करू नये असे मी सुचवीन. तिचा नंबर दुसऱ्या दिवशी. आधी ‘२/१’ लावावी, सर्वांत उंच सूर ओळखावा, आणि तो पुन्हा येईपर्यंत मनातल्या मनात आकडे मोजावेत. तीन-चार वेळा मोजणी जुळली की आकडे सोडून द्यावेत. माझ्या कागदावर शेवटची खूण रेघेच्या टोकापासून दोन बोटे अलीकडे आहे. पुढची जेथे पडायला हवी होती तेथवर पोचण्याआधीच आवाज विरत गेले होते, आणि पेन्सिल हातात तशीच धरून मी त्या सुराची वाट पाहत बसले होते.